ऐरणीच्या पोटातला विस्तव

ऐरण म्हटलं की माणसाला लोहाराची ऐरण आठवते, घणाखालची. ही गोष्ट त्या ऐरणीची नाही. ही एका झुडपाची गोष्ट आहे, आणि त्या झुडपाच्या नावानं जिला लोक अजून ओळखतात त्या एका बाईची.

डोंगराच्या पायथ्याला, जिथं मातीपेक्षा मुरूम जास्त, तिथं हे झुडूप आपोआप येतं. माणसाच्या डोक्याइतकं उंच वाढतं. साल राखाडी. पान हातावर चुरलं तर उग्र वास येतो, पण फुलं पांढरी असतात आणि दिवस कलला की त्यांचा गोड वास बांधापलीकडं जातो. त्याची मुळी काढ्यात पडते. सरळ फांद्या कुंपणाच्या मेढींना लागतात, लवचीक फांद्यांची कोंबड्यांसाठी डालगी विणतात. आणि वाळलेल्या ऐरणीच्या पोटात विस्तव झोपलेला असतो, असं म्हणतात. खडकबर्डीचे लोक मात्र नुसतं 'म्हणतात' असं सांगत नाहीत. त्यांच्या आज्या-पणज्यांनी तो विस्तव जागा होताना पाहिलेला आहे.

फार वर्षांपूर्वी, या मुलखात काडेपेटी यायच्याही आधी, खडकबर्डी हे साठ-सत्तर उंबऱ्यांचं गाव होतं. खाली नदी, तिच्या काठाला गाव आणि गावाच्या वरच्या अंगाला उजाड, खडकाळ बर्डी. गाव आणि बर्डी यांच्या मधून एक ओढा वाहायचा. नदीला वेगळं नाव नव्हतं. गावाला दुसरी नदी ठाऊकच नव्हती, मग नाव कशाला लागतं?

त्या काळी विस्तव जपून ठेवायला लागायचा. संध्याकाळचा स्वयंपाक झाला की बायका निखाऱ्यांवर राख ओढायच्या आणि सकाळी ती बाजूला सारून त्याच निखाऱ्यावर चूल पेटवायच्या. एखादीचा विस्तव विझलाच, तर ती गोवरीचा तुकडा घेऊन शेजारी जायची, आणि शेजारीण नाही म्हणत नसे. चार-दोन पुरुषांच्या कमरेला चकमक असायची, पण ती चिलमीपुरती. गावाचा खरा विस्तव एका चुलीतून दुसऱ्या चुलीत असाच फिरत राहायचा. कुणाच्या चुलीतला कुणाकडं गेला, ते कुणाला सांगता आलं नसतं.

त्या गावात भिवरा नावाची बाई होती. नवरा तरुणपणीच गेलेला, मूलबाळ नाही. ती लोकांच्या शेतांना कुंपणं घालायची. बोरीच्या काटेरी फांद्या आणि ऐरणीच्या मेढी. तिचे हात पुरुषासारखे राठ होते आणि बोलणं थोडं. भिवरानं घातलेल्या कुंपणातून ससासुद्धा विचारून जातो, असं गावात म्हणायचे.

गावचे पाटील होते सटवाजी. त्यांची बायको कोंडाबाई ही भिवराच्याच माहेरची. दोघी एकाच ओट्यावर सागरगोटे खेळलेल्या, एकाच वर्षी लग्न होऊन खडकबर्डीत आलेल्या. एक पाटलीण झाली आणि दुसरी कुंपणवाली, तरी दुपारच्याला कोंडाबाईच्या ओसरीवर दोघींचं बसणं चुकत नसे. कोंडाबाईला बऱ्याच नवसानं एक मुलगा झाला होता. त्याचं नाव जानू. तो भिवराच्या पाठुंगळीला बसून शेतांतून हिंडायचा.

मग पटकीचं वर्ष आलं.

आसपासच्या गावांत माणसं पटापट मरायला लागली, तेव्हा सटवाजी पाटलांनी वेस बंद केली. बाहेरचं कुणी आत येणार नाही, आतलं कुणी बाहेर जाणार नाही. पाटील कठोर नव्हते, पण घाबरलेले होते. सहा वर्षांचा जानू घरात होता.

त्याच दिवसांत भिवरा एका शेताच्या कडेला मेढी रोवत होती. बांधावर तिला एक म्हातारी पडलेली दिसली. डोंगरातली भिल्ल बाई होती. नाव रुमली. अंग तव्यासारखं तापलेलं, ओठ फाटलेले. भिवरानं तिला पाणी पाजलं. मग क्षणभर वेशीकडं पाहिलं, म्हातारीकडं पाहिलं, आणि तिला पाठीवर घेऊन मागच्या वाटेनं घरी आणलं.

म्हातारीला हिवताप होता, पटकी नव्हती, असं पुढचे लोक म्हणतात. आणि पटकी गावात आली ती नदीच्या पाण्यातून, असंही म्हणतात. पण तेव्हा हे कोण बघणार? रुमली आली आणि चौथ्या दिवशी गावात पहिलं माणूस गेलं. भिवराच्या घरात अनोळखी म्हातारी आहे हे कळलं, तसं पाटलांनी दोघींना ओढ्यापलीकडं बर्डीवर घालवलं. तरी माणसं जायची थांबली नाहीत. एकूण अकरा गेली, आणि अकरावा जानू.

तेरावं झाल्यावर गाव बसलं आणि भिवराला वाळीत टाकलं. तिला गावचं पाणी बंद, गावाचं बोलणं बंद, गावाचा विस्तव बंद. कोंडाबाई त्या दिवशी दार लावून आत बसली होती. तिनं हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही.

बर्डीवर भिवरानं दगड रचून, वर गवत टाकून खोपटं केलं. पाण्याचं एक डबकं खडकात होतं. पण चूल कशानं पेटवायची? दिवस थंडीचे होते. ती भिजवलेली ज्वारी चावून खायची आणि म्हातारीला आपल्या घोंगडीत घेऊन झोपायची. तरी म्हातारी बरी झाली. डोंगरातली हाडं होती ती.

बरी झाल्यावर रुमलीनं एका सकाळी विचारलं, "पोरी, तुझी चूल कुठंय?"

"चूल आहे, विस्तव न्हाई," भिवरा म्हणाली. "गाव देत न्हाई."

"माझ्यापायी?"

भिवरा घोंगडीची घडी घालायला लागली. म्हातारी उठली आणि कोयता घेऊन बाहेर गेली. बर्डीवर ऐरणीची झुडपं होती, त्यांतली एक वाळलेली जाड फांदी तिनं निवडून तोडली. तिच्यातून एक हातभर लांबीची चपटी फळी काढली आणि एक सरळ, बोटाएवढी काठी. फळीला कडेला एक खाच पाडली.

"ही आडवी, ही माय," तिनं फळी दाखवून सांगितलं. मग काठी दाखवली. "ही उभी, ही लेक. लेकीला मायच्या मांडीवर उभी करायची आणि घुसळायची. रागानं घुसळशील तर नुसता धूर येईल. घाईनं घुसळशील तर लाकूड झिजंल. ताक घुसळते ना, तशी घुसळ."

तिनं दोन्ही तळव्यांमध्ये काठी धरून फिरवायला सुरुवात केली. हात वरून खाली यायचे, पुन्हा वर जायचे. खाचेत काळा भुगा साठला, भुग्यातून धूर आला, आणि धुरात लाल ठिपका दिसला. म्हातारीनं तो रुईच्या कापसात घेतला, फुंकला, आणि तिच्या ओंजळीत ज्वाळ उभी राहिली.

भिवरा कितीतरी वेळ तिच्याकडं बघत राहिली. वीस वर्षं तिनं ऐरणीच्या मेढी रोवल्या होत्या. तिच्या हातांखालून हे लाकूड बैलगाड्या भरतील इतकं गेलं होतं, आणि त्याच्या पोटात काय आहे ते तिला ठाऊक नव्हतं.

रुमली डोंगरात निघून गेली. जाताना तिनं एक वाळका तुंबा दिला, भोपळ्याचा, पोकळ. माय-लेक आणि रुईचा कापूस त्यात ठेवायचा आणि तोंड मेणानं बंद करायचं, म्हणजे पावसाळ्यात दमट हवा लागत नाही. भिवराला एकटीनं विस्तव काढायला जमेपर्यंत अमावास्या-पुनवा गेल्या. तळव्यांना फोड आले, फुटले, पुन्हा आले. मग एके दिवशी जमलं. त्या दिवशी तिनं भाकरी केली आणि पहिली भाकरी बाहेर ऐरणीच्या बुंध्याशी नेऊन ठेवली.

अशी पाच वर्षं गेली. या पाच वर्षांच्या फार गोष्टी सांगतात. दुष्काळात सगळी बर्डी करपली, पण तिच्या खोपटाभोवतीची ऐरण हिरवी राहिली, असं म्हणतात. थंडीत एक बिबट्या खोपटाच्या दाराशी येऊन शेकत बसायचा आणि भिवरा त्याला नुसतं "सर पलीकडं" म्हणायची, असंही म्हणतात. गुराख्यांनी लांबून पाहिलेलं. जवळ जायची कुणाला मुभा नव्हती.

पण एक गोष्ट खरीच. रोज पहाटे भिवरा खडकावर येऊन बसायची आणि खाली गावाकडं बघायची. एकेका घराच्या छपरातून धूर उठायचा, आणि तिला कळायचं, कुंभाराची चूल पेटली, तेल्याची पेटली, आता गुरवाची. पाटलांच्या घराचा धूर सगळ्यांत आधी यायचा, कारण कोंडाबाई पहिल्यापासून लवकर उठणारी. तो धूर दिसला की मग भिवरा आपल्या कामाला लागायची.

पाचव्या वर्षी भादव्यात झड लागली.

झड म्हणजे धो-धो पाऊस नव्हे. बारीक, थंड, न थांबणारा पाऊस. पहिले दोन दिवस लोकांना बरं वाटलं. चौथ्या दिवशी गोवऱ्या भिजल्या. पाचव्या दिवशी भिंतींना पाझर फुटले आणि सरपणाला बुरा आला. सहाव्या दिवशी नदी खालच्या आळीत शिरली, आणि लोक लेकराबाळांसह गावातल्या उंचवट्यावरच्या दगडी देवळात येऊन बसले. एकेक चूल विझत गेली. एकीची विझली तर ती दुसरीकडं गेली, दुसरीची विझली तर तिसरीकडं. शेवटी जायला कुणी उरलं नाही. चकमकीच्या ठिणग्या पडायच्या, पण त्या धरायला कोरडा कापूस नव्हता. आठव्या दिवशी देवापुढचा नंदादीपही विझला. तो कधी लावला होता हे कुणाला आठवत नव्हतं, इतका जुना दिवा. गुरवानं वात पुन्हा पुन्हा चिमटून पाहिली आणि मग तो गाभाऱ्याच्या पायरीवर खाली बसून राहिला.

त्या गुरवाची लेक पहिलटकरीण होती. आठव्या दिवशी ती देवळाच्या मंडपातच बाळंत झाली. मुलगी झाली. बाळंतिणीच्या बाजेखालच्या शेगडीत विस्तव नाही, लेकराला शेक नाही, अंगावर घालायला कोरडा धडपा नाही. नवव्या दिवशी सकाळी लेकरू रडायचं थांबलं. ओठ जांभळे झाले. कोंडाबाई त्याला छातीशी धरून बसली होती, पण तिचंच अंग गार होतं.

बर्डीवर भिवराचं खोपटं तिसऱ्याच दिवशी बसलं होतं. ती खडकाच्या एका कपारीत राहिली होती, तुंबा पोटाशी धरून. तिची चूलही विझलेली होती. तिला ती पुन्हा पेटवता आली असती. पण आठव्या दिवशी सकाळी पाऊस जरा विरळ झाला तेव्हा तिनं खाली पाहिलं, आणि एकाही घरातून धूर नव्हता. नवव्या दिवशीही नव्हता. पाटलांच्या घरातूनही नाही.

तिनं तुंबा छातीशी बांधला आणि बर्डी उतरायला लागली.

ओढा तेव्हा नदी झाला होता. मधे झाडं वाहून चालली होती. असं म्हणतात की भिवरा पाण्यात उतरली आणि तीनदा दिसेनाशी झाली. तिसऱ्यांदा वर आली ती तुंब्याच्या आधारानं. तुंबा तिला तारत होता की ती तुंब्याला, हे बघणाऱ्याला सांगता आलं नसतं. बघणारं कुणी नव्हतंच. ती दुपारी देवळासमोर येऊन उभी राहिली तेव्हा तिच्या अंगावर चिखल होता, कपाळातून रक्त येत होतं आणि दोन्ही हात तुंब्यावर घट्ट होते.

देवळाच्या पायरीपाशी ती थांबली.

"आत येऊ का?" तिनं विचारलं.

पाच वर्षांत गावानं तिचा आवाज ऐकला नव्हता. सगळे पाटलांकडं बघायला लागले. सटवाजी पाटील खांबाला टेकून बसले होते, ते उभे राहिले. तेव्हा कोंडाबाई लेकराला घेऊन पुढं आली. तिचा आवाज अगदी हलका होता.

"जानू गेला त्या दिवशी तू आली न्हाईस, भिवरे."

"आले होते," भिवरा म्हणाली. "त्याचा आजार कळला तेव्हाच आले. वेशीवरून माघारी फिरवलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा आले."

कोंडाबाईनं मान वळवून नवऱ्याकडं पाहिलं. वेशीवर कोण उभं होतं हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. पाटलांनी खाली मान घातली. पाच वर्षं त्यांनी ही गोष्ट पोटात ठेवली होती.

मग कोंडाबाईनं पायरीवर सरकून जागा केली.

"ये," ती म्हणाली.

भिवरानं तुंब्याचं मेण काढलं. आतली फळी आणि काठी बाहेर काढली आणि हात फिरवून पाहिली. ओढ्यात तुंब्याला चीर गेली होती. लाकूड चिंब नव्हतं, पण ओलसर झालं होतं. रुईच्या कापसाचा तर गोळा झाला होता. तिनं काठी तळव्यात धरून फिरवली, पुन्हा फिरवली. धूरही आला नाही. तळव्यांची साल निघाली.

"माझ्या एकटीच्यानं होत न्हाई," ती म्हणाली. "जोर पायजे. कुणीतरी वरून दाबायचं आणि कुणीतरी ओढायचं."

"कशानं ओढायचं?" कुणीतरी विचारलं.

कोंडाबाई लाकडाकडं बघत होती. आडवी फळी, तिच्यावर उभी काठी. रोज पहाटे ताकाच्या डेऱ्यापुढं बसणाऱ्या बाईला ते ओळखायला वेळ लागला नाही. तिनं लेकरू त्याच्या आईच्या कुशीत दिलं आणि आपल्या बोचक्यातून रवीची दोरी काढली. घर सोडताना बायकांनी जे हाती लागलं ते आणलं होतं, आणि कोंडाबाईच्या हाती रवी लागली होती. तिनं दोरीचे दोन वेढे काठीला घातले.

भिवरानं काठीच्या डोक्यावर नारळाची करवंटी ठेवली आणि तळहातानं दाबून धरली. कोंडाबाई समोर बसली. दोघींचे गुडघे एकमेकींना टेकले. वाळीत टाकलेल्या बाईला शिवू नये असा गावाचा ठराव होता, आणि तो गावासमोर मोडला.

कोंडाबाईनं दोरी ओढली. उजवा हात, डावा हात. उजवा, डावा. सुरुवातीला दोरी घसरायची, काठी उडायची. मग हातांना लय सापडली. मंडपात दुसरा आवाज नव्हता, नुसतं घर्रर्र, घर्रर्र. बाहेर झड, आत हा आवाज. पाटील जाऊन त्यांच्या वाऱ्याच्या बाजूला घोंगडी धरून उभे राहिले. घोंगडी धरणाऱ्याचे हात भरून आले की पाळी बदलायची, पण दोरी ओढणारी कोंडाबाई बदलली नाही आणि दाबणारी भिवराही बदलली नाही. दोघींच्या तोंडावरून घाम गळायला लागला. नऊ दिवस गारठलेल्या त्या देवळात पहिली ऊब आली ती त्या दोघींच्या अंगाची.

किती वेळ गेला? कुणी म्हणतं एक प्रहर, कुणी म्हणतं दोन. भिवराच्या तळव्यातून रक्त येऊन ते काठीवरून खाली फळीत उतरत होतं. आणि असं म्हणतात, की त्या वाळक्या लाकडातून एकाएकी फुलांचा वास आला. ऐरणीच्या फुलांचा, दिवस कलताना येतो तसा. अख्ख्या मंडपानं तो घेतला. बसलेली माणसं उठून उभी राहिली.

मग धूर आला. आधी केसाएवढा, मग बोटाएवढा.

"थांबू नको, कोंडे," भिवरा म्हणाली.

खाचेतला भुगा काळा झाला, आणि त्याच्या मध्यात लाल ठिपका उमलला. ज्वारीच्या दाण्याएवढा.

पण तो धरायचा कशात? रुईचा कापूस ओला. सगळ्यांची लुगडी, धोतरं ओली. भुग्यातला ठिपका तेवढ्यात मंद व्हायला लागला. तेव्हा सटवाजी पाटलांनी घोंगडी दुसऱ्याच्या हाती दिली आणि डोक्याचा पटका सोडला. गावासमोर पाटलांनी कधी डोकं उघडं केलं नव्हतं. वेढ्यावर वेढे निघत गेले, सगळे भिजलेले, आणि अगदी आतला, टाळूला लागून असलेला शेवटचा वीतभर पदर कोरडा निघाला. पाटलांनी तो दातांनी फाडला, त्याच्या दशा मोकळ्या केल्या आणि दोन्ही हातांवर धरून भिवरापुढं गुडघ्यांवर बसले.

"घे," ते म्हणाले. पाच वर्षांत ते तिच्याशी एवढंच बोलले.

भिवरानं निखारा पटक्याच्या दशांत उतरवला आणि फुंकर घातली. एक. दोन. तिसऱ्या फुंकरीला जाळ झाला.

असं म्हणतात, की त्या क्षणी झड थांबली. कात्रीनं सूत कापावं तशी. आणि असंही म्हणतात, की तो निखारा लाकडातून पडलाच नाही, तो भिवराच्या तळहातातून पडला. पुढं आयुष्यभर तिचे तळवे कधी गार झाले नाहीत. थंडीनं आखडलेल्या लेकराला बायका तिच्या ओंजळीत द्यायच्या.

पहिला विस्तव बाजेखालच्या शेगडीत गेला. मंडपाच्या छपराच्या आतल्या कोरड्या काटक्या मोडून माणसांनी तो मोठा केला. कोंडाबाईनं लेकराला शेकलं, तळपाय चोळले, पाठ चोळली. मग लेकरू एकदा कण्हलं, आणि मोठ्यानं रडायला लागलं. ते रडणं ऐकून कितीतरी माणसं रडली. गुरवानं नंदादीप लावला. मग गोवरीचे तुकडे घेऊन घराघरांतली माणसं आली आणि पाणी ओसरलं तसतसा विस्तव गावभर गेला.

दुसऱ्या दिवशी गाव भिवरापुढं उभं राहिलं. पाटील उघड्या डोक्यानंच आले होते. पुन्हा त्यांनी पटका बांधला तो तिनं सांगितल्यावरच, असं म्हणतात. तिचं घर तिला परत, कुंपणाच्या कामाचं धान्य दुप्पट, आणखी जे मागेल ते, असं त्यांनी सांगितलं.

भिवरानं बराच विचार केला. मग म्हणाली, "विस्तव मागायला कुणी आलं, तर आधी विस्तव द्यायचा. नाव-गाव मागनं विचारायचं."

आणखी काही तिनं मागितलं नाही. गावात परत राहायलाही ती आली नाही. बर्डीवर राहायची सवय झाली म्हणाली. गावानं मिळून तिला तिथं दगडमातीचं घर बांधून दिलं. कोंडाबाई रोज ताकाचं भांडं घेऊन बर्डी चढायची. पहिले काही दिवस दोघी नुसत्या बसायच्या. मग एकदा कोंडाबाईनं जानूबद्दल बोलायला सुरुवात केली, आणि भिवरानं तिला तो पाठुंगळीला बसून काय काय विचारायचा ते सांगितलं. आईला ठाऊक नसलेलं बरंच काही भिवरापाशी होतं. ते सांगून संपायला कितीतरी वर्षं लागली.

भिवरा फार म्हातारी होऊन गेली. कशी गेली ते कुणी पाहिलं नाही. एके सकाळी बर्डीवरून धूर उठला नाही, म्हणून गाव वर गेलं. घर रिकामं होतं. चुलीतली राख गरम होती. आणि भोवतीची सगळी ऐरण, फुलायचे दिवस नसताना, पांढरी झाली होती. शोधलं, पण ती सापडली नाही. ती विस्तव होऊन झुडपात शिरली, असं म्हणतात. तेव्हापासून तिला ऐरणआई म्हणायला लागले.

खडकबर्डी आजही आहे. घराघरांत गॅस आहे, चहाच्या टपरीवर लायटर टांगलेले आहेत. पण ऐरणीचं लाकूड गावात कुणी सरपणाला जाळत नाही. कुंपणाला लावतात, डालगी विणतात, मुळी औषधाला देतात, चुलीत घालत नाहीत. आणि भादव्यातल्या एका ठरलेल्या दिवशी सकाळपासून गावातल्या सगळ्या चुली आणि गॅसच्या शेगड्या बंद असतात. देवळात ऐरणीची माय-लेक काढतात आणि रवीच्या दोरीनं नवा विस्तव घुसळतात. पहिला निखारा गावात नव्यानं आलेल्याला देतात, मग तो ऊसतोडीची टोळी असो की रस्त्याच्या कामावरचे मजूर असोत.

दोरी ओढायला आणि करवंटी दाबायला कुणालाही बसवत नाहीत. त्या वर्षी गावात ज्या दोन बायकांचं एकमेकींशी बोलणं नसेल, त्यांनाच समोरासमोर बसवतात. विस्तव निघेपर्यंत उठायचं नाही, एवढाच नियम.

गेल्या वर्षी दोन जावा बसल्या होत्या. अकरा वर्षांचा अबोला. सकाळी बसल्या, दुपारचे बारा वाजून गेले, दोरी घसरत होती, काठी उडत होती. धूर निघेना. लोक उपाशी, लेकरं कुरकुरायला लागलेली. शेवटी धाकटी खाली मान घालून म्हणाली, "अक्का, जरा हलकं दाबा. काठी फिरंना."

थोरलीनं हात सैल केला. थोड्या वेळानं लाकडातून धूर यायला लागला.